तारेपर्यंत हात

माणूस समोर आला की विल्माताई आधी त्याच्या खांद्यांकडे बघत आणि मग तोंडाकडे. आमच्या दवाखान्यात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी ठेवणीतली साडी नेसून, हात जोडून दारात उभी होते. त्यांनी माझ्या उजव्या खांद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हा वर चढला आहे. आपण पिशवी नेहमी या बाजूला घेता." आणि मग नमस्कार केला. लग्न झाल्यापासून मी पिशवी त्याच खांद्याला अडकवत आले आहे आणि घरात कुणाच्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. खरं तर मला राग यायला हवा होता, पण कुणीतरी आपल्याकडे इतकं नीट बघितलं याचंच बरं वाटलं.

नाशिकहून दिंडोरीकडे निघालं आणि दोन्ही बाजूंना द्राक्षबागा सुरू झाल्या की रस्त्यालगत एका संस्थेचा छोटा दवाखाना लागतो. तिथं नोंदणीच्या टेबलावर मी बसते. सातपूरहून रोज बसनं येते-जाते. त्या वर्षी हॉलंडहून एक फिजिओथेरपिस्ट बाई उन्हाळ्यापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत स्वयंसेवक म्हणून राहणार आहेत, असं आमच्या भामरे डॉक्टरांनी सांगितलं, आणि "तुझं इंग्रजी बरं आहे" म्हणत त्यांची सगळी जबाबदारी माझ्या गळ्यात घातली. आम्हाला वाटलं, गळ्यात कॅमेरा अडकवलेली एखादी तरुण मुलगी येईल, चार फोटो काढेल, मेंदी काढून घेईल आणि जाईल. आल्या त्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, पांढऱ्या केसांच्या आणि इतक्या उंच बाई, की दवाखान्याच्या चौकटीवर त्यांचं कपाळ आपटलं. पुढे आम्ही त्या चौकटीला लाल कापड बांधलं. त्या ते बघायच्या, वाकायच्या आणि तरीही आपटायच्या.

येण्याआधी वर्षभर घरी बसून पुस्तकावरून त्यांनी मराठी शिकून घेतलं होतं. ते पुस्तक कुणी लिहिलं होतं कोण जाणे, पण त्यात 'तू' आणि 'तुम्ही' बहुधा नव्हतेच. विल्माताई सगळ्यांना 'आपण' म्हणत. डॉक्टरांना आपण, झाडणाऱ्या मावशींना आपण. एकदा दवाखान्याच्या पायरीवर शेळी बसली होती, तिला "कृपया आपण बाजूला व्हावे" असं त्यांनी सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. शेळी उठली, हे विशेष. दुसऱ्या आठवड्यापर्यंत आसपासच्या वस्त्यांनी त्यांची विमलताई करून टाकली होती. त्यांनी दोन-तीनदा खरं नाव सांगून बघितलं आणि मग विमल म्हटलं की वळून बघायला लागल्या.

राहायला त्यांना दवाखान्यामागची खोली दिली होती. एप्रिलचं ऊन असं होतं की आम्हीच हैराण, आणि या बाई डोक्यावर ओला टॉवेल ठेवून, लालबुंद चेहऱ्यानं, डॉक्टरांच्या जुन्या सायकलवरून मळ्यामळ्यानं हिंडायच्या. आमच्याकडे आता सायकलवर शाळेतली पोरं सोडून कुणी दिसत नाही. त्यामुळे प्रत्येक मोटारसायकलवाला थांबून विचारायचा, "ताई, गाडी बंद पडली का? सोडू का?" त्यावर यांचं ठरलेलं उत्तर, "आभारी आहे. मला पाय आहेत." मोटारसायकलवाल्याला वाटायचं, आपलं विचारणं बाईंच्या मनाला लागलं. पुढच्या चौकात तो चार जणांना सांगायचा की बाई चांगली आहे, पण परिस्थिती बेताची दिसते.

परिस्थितीचा संशय त्यांच्या डब्यामुळे पक्का झाला. दुपारी त्या बाकावर बसून दोन पावाचे तुकडे आणि मध्ये चीजची चकती, तेही थंडगार, असं काहीतरी खायच्या. कामावर जाणाऱ्या बायका थांबून बघायच्या. घरी करून घालणारं कुणी नाही बिचारीला, असं म्हणत एकेक बाई भाकरी, ठेचा, कांद्याची भाजी आणून द्यायला लागली. ठेचा त्यांनी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्या शांतपणे म्हणाल्या, "हे अन्न नाही. हा उपचार आहे." पण दुसऱ्या दिवशी परत मागितला.

त्यांना खोटं बोलता येत नसे, आणि आपल्याकडे त्याशिवाय कुणाच्या घरी जेवता येत नाही. माझ्या सासूबाईंनी त्यांना सातपूरला घरी जेवायला बोलावलं. सासूबाईंनी आमटीचं विचारलं, "कशी झालीय?" विल्माताईंनी विचार केला, अजून एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "खारट." मी भाषांतरात काहीतरी सावरायला गेले, पण त्या मराठीतच बोलल्या होत्या, सावरणार काय. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, जणू आमटीला खारट मीच म्हटलं होतं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "खारट झाली होती ग. इतकी वर्षं तुम्ही सगळे गिळताय आणि कुणी बोलत नाही." त्यानंतर घरात लोणचं घातलं की त्यांना चव बघायला बोलवायचं, असा सासूबाईंचा नेमच झाला.

आता हिराबाईविषयी सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय विल्माताईंची गोष्ट पुरी होत नाही.

हिराबाई मूळची पेठकडच्या एका पाड्यावरची. आमच्या दवाखान्यापलीकडे गणपतराव म्हणून बागाईतदार आहेत, त्यांच्या मळ्यात ती वर्षानुवर्षं झोपडी करून राहते. छाटणी आली की पाड्यावर जायचं, माणसं गोळा करायची, पिकअपमध्ये घालून आणायची आणि मळ्यामळ्यानं काम करून घ्यायचं, हे तिचं काम. टोळीची ती मुकादम. बाई असून मुकादम, आणि आवाज असा की पलीकडच्या बागेतल्या माणसानं कात्री खाली ठेवावी. आधीच्या हंगामात पिकअपमधून उतरताना ती पडली आणि उजव्या दंडाचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण घरच्यांनी काळजीपोटी हात इतके दिवस गळ्यात बांधून ठेवला की खांदा धरून बसला. हात छातीच्या वर जाईना.

दुसऱ्या कुणाचं यानं फारसं बिघडलं नसतं. पण द्राक्षाच्या बागेत सगळं काम डोक्याच्या वर चालतं. वेल वर तारेवर चढवलेली असते, काड्या तिथं, घड तिथं. त्यात गणपतरावांच्या मळ्याची एक जुनी रीत आहे. ऑक्टोबरच्या छाटणीला पहिल्या वेलीपाशी नारळ फोडतात आणि तारेवरची पहिली काडी मुकादमानं कापायची. ज्याच्या हातानं पहिली काडी पडते, त्या हंगामाची टोळी त्याची. हिराबाईचा पुतण्या धर्मा टोळीतच होता आणि अगदी प्रेमानं म्हणायला लागला होता, "काकू, तू आता बस. टोळीच्या भाकऱ्या तू थाप, बागेचं मी बघतो."

"मला चुलीपाशी बसवायला निघालेत," हिराबाई दवाखान्यात आली तेव्हा मला म्हणाली. "दिवाळीच्या आत माझा हात तारेला लागला पायजे. बाईला सांग."

मी सांगितलं. विल्माताईंनी तिला खुर्चीवर बसवलं, खांदा हातात धरून हळूहळू फिरवून बघितला, मान हलवली आणि म्हणाल्या, "लागू शकतो. रोज व्यायाम करावा लागेल."

हिराबाईनं त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "सुई नाय का?"

"सुई नाही."

"गोळी?"

"गोळी नाही. व्यायाम."

हिराबाई पदर सावरत उठली. "सकाळधरनं सांजपस्तोर मी वाकून काम करती, अन् ही मला म्हणती व्यायाम कर. व्यायाम करावा शहरातल्या जाड्या माणसांनी." आणि गेली. आमच्याकडे सुई न टोचणारा डॉक्टर म्हणजे अर्धाच डॉक्टर, आणि ही बाई तर गोळीही देत नव्हती. त्या आठवड्यात रांग दिवसेंदिवस आटत गेली. भामरे डॉक्टरांना वाईट वाटलं. ते म्हणाले, "बाई, मी व्हिटॅमिनचं एक इंजेक्शन देत जातो. अपाय काही नाही, आणि पेशंट तुमच्याकडे टिकेल."

"मग हात वर गेला तर तिला वाटेल, इंजेक्शननं गेला," विल्माताई म्हणाल्या. "मी गेल्यावर ती व्यायाम सोडून देईल."

डॉक्टरांनी इंजेक्शनचा विषय सोडून दिला. पण मला दिसत होतं की बाई दुपारी बाकावर बसून पाव खाताना आता पावाकडे बघत नाहीत, रस्त्याकडे बघतात. परक्या देशात आपण उपयोगी पडायला यावं आणि कुणाला आपली गरजच वाटू नये, याचं दुःख त्यांच्या तोंडावर चक्क लिहिलेलं होतं.

शेवटी विल्माताईच सायकल काढून हिराबाईच्या झोपडीवर गेल्या. हिराबाईनं त्यांना खाटेवर बसवलं, चहा पाजला, खांदाही बघू दिला. घरी आलेल्या माणसाला नाही म्हणायची तिची पद्धत नव्हती. दोन दिवसांनी परतीची भेट म्हणून हिराबाई त्यांच्या खोलीवर आली. विल्माताईंनी विचारलं, "आपण चहा घ्याल का?" हिराबाई रीतीप्रमाणे म्हणाली, "नको." विल्माताईंनी बरं म्हणून पातेलं जागेवर ठेवलं आणि खांद्याविषयी बोलायला लागल्या.

हिराबाई परत फिरकेना. मळ्यात मात्र सगळीकडे झालं की विमलताई दिसायला चांगली, पण हात लय आखडता. हिराबाई सांगत सुटली, माझ्या घरी येऊन चहा पिली आणि मला पाण्याला पण विचारलं नाय. ही दुसरी गोष्ट खोटी होती, पण रागावलेलं माणूस थोडं वाढवून सांगतंच.

मी विल्माताईंना समजावून सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

"पण ती नको म्हणाली."

"पहिल्यांदा सगळेच नको म्हणतात."

"म्हणजे पहिला नकार खोटा?"

"खोटा नाही हो, रीत असते ती."

"आणि दुसरा?"

"तोही रीतच."

"आणि तिसरा?"

"तिसऱ्यांदा नको म्हणेपर्यंत कप हातात दिलेला असतो."

त्यांनी आपलं मराठीचं पुस्तक काढून चाळलं. एवढ्या मोठ्या गोष्टीचा पुस्तकात उल्लेखच नव्हता. त्याच संध्याकाळी त्या पातेलं, साखर, चहापत्ती पिशवीत घालून हिराबाईच्या झोपडीवर गेल्या आणि तिच्याच चुलीवर चहा करून तिला पाजला. चहा कसा झाला असेल याची मला कल्पना आहे, कारण नंतर मीही तो प्यायले. पण हिराबाईनं बशीत ओतून सगळा संपवला आणि भांडण मिटलं.

नियम एकदा कळला की विल्माताई तो मनापासून पाळत, जरा जास्तच. औषधांचा एक विक्रेता दवाखान्यात आला होता. त्याला खरोखरच घाई होती. त्याला त्यांनी तीनदा आग्रह केला, तिसऱ्यांदा कप हातात दिला आणि त्याची बस चुकवली. पण या चहानं त्यांच्या कामाचं मात्र सोनं झालं. पेशंट म्हणायचा, "नाय जात हात यापुढं." पूर्वी त्या तिथं थांबत. आता मान तिरकी करून विचारायला लागल्या, "हे 'नाही' खरं, की चहाचं?" लोक हसायचे, आणि हसताना हात बोटभर वर जायचा. तिसऱ्या नकारापर्यंत थांबायचं, हे त्यांचं शास्त्र त्यांना आमच्या मळ्यात सापडलं.

त्यांचा दुसरा प्रश्न होता, "दुखतंय की ओढतंय?" व्यायाम करताना दुखत असेल तर थांबायचं, नुसतं ओढत असेल तर करत राहायचं. दिवसभर हा प्रश्न इतक्यांदा कानावर पडायचा की तो गावात शिरला. गणपतरावांच्या मुलीचं लग्न झालं, ती निफाडला सासरी गेली. दुसऱ्या दिवशी गणपतराव दवाखान्यात येऊन उगाचच बसून राहिले. भामरे डॉक्टरांनी विचारलं, "गणपतराव, दुखतंय की ओढतंय?" गणपतरावांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "ओढतंय." मग चहा झाला आणि ते घरी गेले.

हिराबाईचा व्यायाम सुरू झाला तो असा, थोडा चहावर आणि थोडा भिडेवर. झोपडीच्या भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. जिथपर्यंत जाईल तिथं गेरूची रेघ मारायची. तारेची उंची हिराबाईनं स्वतःच मोजून भिंतीवर वर एक जाड रेघ ओढून ठेवली होती. तिचा हात आणि ती रेघ यांत खूप भिंत शिल्लक होती. विल्माताई रोज सायकलवरून जायच्या, नवी रेघ बघायच्या. रेघ सरकली नसेल तर आपण चोरी करताना सापडलो असं हिराबाईला वाटायचं.

त्याच सुमारास हॉलंडहून पार्सल आलं. विल्माताईंच्या मैत्रिणीनं रबरी पट्ट्या पाठवल्या होत्या. पिवळ्या, लाल, हिरव्या, निळ्या. दोन्ही हातांनी धरून ताणायच्या, त्यानं खांद्याला बळ येतं. विल्माताईंनी त्या हिराबाईला दिल्या, मळ्यातल्या इतर बायकांनाही दिल्या, कशा ताणायच्या ते करून दाखवलं. बायकांनी पट्ट्या ओढून बघितल्या, एकमेकींकडे बघितलं, माल फारच आवडलेला दिसला. बाई त्या दिवशी इतक्या खूश होत्या की परत येताना चौकटीवर आपटल्या तरी काही म्हणाल्या नाहीत.

आठवड्यानं आम्ही दोघी मळ्यात गेलो. वेलींना नव्या काड्या फुटल्या होत्या आणि त्या तारेला बांधायचं काम चालू होतं. एरवी बांधायला सुतळी असते. त्या दिवशी ओळीच्या टोकापासून बघितलं तर तारेवर पिवळ्या, लाल, हिरव्या, निळ्या गाठी. पट्ट्यांचे लांब लांब तुकडे कापून बायकांनी काड्या बांधल्या होत्या. लग्नाचा मांडव घातल्यासारखी बाग दिसत होती. मी विल्माताईंकडे बघायचं टाळलं.

हिराबाई लांबूनच कौतुकानं ओरडली, "विमलताई, लय भारी वस्तू दिली. काडी वाढली का आपसूक ढिली होती. सुतळी कापती काडीला."

विल्माताई जवळ गेल्या. एक लाल गाठ बोटानं दाबून बघितली. "हिराबाई, या ताणण्यासाठी होत्या."

"ताणल्या की. ताणल्याशिवाय गाठ बसती का?"

"कुणी ताणल्या?"

"मी अन् या बायांनी."

"आपण स्वतः ही गाठ मारली? या हातानं?"

"मंग कोणत्या?"

गाठ तारेवरची नव्हती, तारेच्या खाली, वेलीच्या खोडापाशी खांद्याच्या उंचीवर होती. पण भिंतीवरच्या शेवटच्या रेघेपेक्षा ती नक्कीच वर होती. झोपडीत अंग चोरून केलेल्या व्यायामात जे होत नव्हतं, ते कामाच्या नादात झालं होतं. विल्माताईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांनी खांद्यावरची पिशवी मातीत ठेवली आणि म्हणाल्या, "अजून एक बांधा. मला बघायचं आहे." संध्याकाळपर्यंत त्या ओळीत हिराबाईबरोबर उभ्या होत्या. तिनं मारलेली प्रत्येक गाठ सोडायच्या आणि बोटभर वर परत मारायला लावायच्या. हिराबाईनं त्यांना पेठकडच्या बोलीत काय काय सुनावलं त्याचं भाषांतर त्यांनी मागितलं. मी म्हटलं, आभार मानतेय.

त्या दिवसापासून व्यायाम हा शब्द मळ्यातून गेला. बांधणी म्हणायचं. पावसाळाभर हिराबाई बांधणी करत होती, बांधायचं काम नसलं तरी. धर्मा बांधावरून बघायचा आणि "काकू, कशाला जिवाला त्रास?" असं म्हणायचा. त्याचं म्हणणं वाईट नव्हतं, पण त्याच्या डोळ्यांत कात्री दिसायची.

ऑक्टोबर आला. पाड्यावरून टोळी आली, पहिल्या वेलीला हळदकुंकू वाहिलं, गणपतरावांनी नारळ फोडला. टोळी अर्धवर्तुळात उभी होती. आम्ही दवाखान्याला कुलूप लावून गेलो होतो. भामरे डॉक्टर म्हणाले होते की आज कुणाला ताप आला तर त्यानं मळ्यातच यावं. हिराबाईनं कात्री घेतली आणि हात उचलला. छातीच्या वर गेला, हनुवटीच्या वर गेला, कपाळापाशी थांबला. काडी अजून वर होती.

"नाय जात," ती हळूच म्हणाली.

धर्मा एक पाऊल पुढे आला. मी विल्माताईंकडे बघितलं. त्यांचे दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले होते, पण त्या हलल्या नाहीत.

हिराबाईनं श्वास घेतला, परत हात नेला. "नाय जात," परत म्हणाली, जरा मोठ्यानं. आणि मग तिनं मान वळवून विल्माताईंकडे बघितलं. विल्माताईंनी नुसती मान तिरकी केली, दवाखान्यात करत तशी. टोळीतल्या एका बाईला हसू फुटलं. हिराबाईच्याही ओठांवर हसू आलं आणि त्या हसण्यात तिचा हात वर गेला. कात्री वाजली, काडी तिच्या डोक्यावरून घरंगळत खाली पडली.

बायकांनी गलका केला. गणपतरावांनी खोबऱ्याचा पहिला तुकडा हिराबाईच्या हातात दिला. धर्मानं वाकून पडलेली काडी उचलली, बाजूला टाकली आणि निमूटपणे दुसऱ्या ओळीला लागला. मला भरून आलं होतं, डॉक्टरांनी रुमाल काढला होता. आणि विल्माताई पुढे होऊन हिराबाईला म्हणाल्या, "कोपर वाकलं होतं."

हिराबाईनं खोबरं चावता चावता त्यांच्याकडे बघितलं. "काडी पडली ना?"

"पडली. पण कोपर वाकलं. हात अजून पूर्ण सरळ जात नाही."

"आता कोपराला कोण बघतंय, बाई?"

"मी बघते आहे," विल्माताई म्हणाल्या. आम्हा सगळ्यांना त्यांचा रागच आला. असं माणूस आनंदाच्या वेळी घरात असू नये, असं मी बसमध्ये स्वतःशी म्हटल्याचं मला आठवतं.

त्यांच्या जाण्याचा दिवस आला. आदल्या दिवशी कामावरून परत जाताना हिराबाई दवाखान्यात आली. विल्माताईंनी सगळं आवरून ठेवलं होतं. निरोपसमारंभ नको असं त्यांनी बजावलं होतं, आणि आम्ही त्यांचं नको तीनदा तपासून घेतलं होतं. ते खरं होतं. दोघी बाकावर बसल्या. हिराबाईनं पिशवीतून ठेच्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली. विल्माताईंनी ती घेतली, झाकण घट्ट आहे का ते बघितलं, परत परत बघितलं. मग हिराबाईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "विमलताई, दुखतंय का ओढतंय?"

विल्माताईंनी बाटली मांडीवर ठेवली.

"ओढतंय," त्या म्हणाल्या.

आमटी खारट आहे हे माझ्या सासूबाईंच्या तोंडावर सांगणारी ही बाई. खोटं बोलायला ती आमच्याकडे येऊन शिकली, आणि अजून तिला ते नीट येत नव्हतं, कारण तिचं नाक लाल झालं होतं. हिराबाईनं मान डोलावली. "मंग चालंल," म्हणाली आणि उठली. उद्या काम आहे, बस सुटताना फाट्यावर यायला जमणार नाही, हेही सांगून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना नाशिकपर्यंत पोचवायला बसमध्ये बसले होते. खिडकीची जागा त्यांना दिली. गणपतरावांचा मळा रस्त्याला लागूनच आहे. छाटणी झालेल्या ओळी उघड्या दिसत होत्या. रस्त्याकडच्या ओळीत टोळी काम करत होती आणि ओळीच्या टोकाला बांधावर हिराबाई उभी होती. बस दिसली तशी तिनं कात्री डाव्या हातात घेतली आणि उजवा हात वर केला. तारेच्या वर गेला, डोक्याच्या वर गेला, आणखी वर गेला.

विल्माताईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. सवयीनं त्यांचं तोंड उघडलं होतं, मी शब्दसुद्धा ओळखला होता. पण त्या काही बोलल्या नाहीत. कोपर सरळ होतं.

कंडक्टर मागून म्हणाला, "बाई, डोकं आत घ्या." त्यांनी डोकं आत घेतलं आणि नाशिक येईपर्यंत ठेच्याची बाटली मांडीवर धरून बसल्या.